पाळणाघराचं आतलं दार

आई, तुझी औषधांची कंपनी होती त्या जागेवर आता माझी कंपनी आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं, कारण मला नोकरी लागली तेव्हा तू जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बाबांनी ऐकून फक्त "घरापासून लांब नाही, ते एक बरं" एवढंच म्हटलं. मुलुंडच्या एलबीएस रोडवरून आत वळलं की गेटपाशी शिरीषाचं ते झाड अजून आहे. त्याच्याभोवती आता गोल दगडी कट्टा केलाय आणि संध्याकाळी त्याच्यावर खालून दिवे सोडतात. तुझ्या ओळखीचं एवढंच उरलंय. पॅकिंग हॉलच्या जागी काचेची लॉबी आहे आणि तिच्यात दिवसभर गवती चहासारखा वास सोडतात. झाड धरून मी एकदा अंदाज बांधला होता. पाळणाघर होतं तिथे आता काहीच बांधलेलं नाही, तिथे खणलंय. खाली गाड्या उभ्या असतात. तरीही कधीकधी जेवून परत येताना लिफ्टमध्ये मला गोळ्यांवर चढवायच्या साखरेच्या पाकाचा वास येतो, तुझ्या ओढणीला यायचा तसा. येणं शक्य नाही. इमारतींमधली हवा मोजणं हेच माझं काम आहे, त्यामुळे शक्य नाही हे मला इतरांपेक्षा जास्त नीट कळतं. तरी येतो.

त्या पाळणाघरातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते दुपारचं झोपणं. हिरवे पडदे ओढलेत, त्यामुळे सगळी खोली पाण्याच्या तळाशी असल्यासारखी दिसते. भिंतीपलीकडे पट्ट्यांमध्ये गोळ्या भरणारं मशीन चालू आहे, त्याचा आवाज जमिनीतून चटईत येतो आणि चटईतून माझ्या गालात. त्या आवाजाच्या पलीकडे तू उंच स्टुलावर बसलेली आहेस, केस टोपीत, हे मला माहीत आहे. मशीन थांबलं की मी जागी होते. मशीन थांबलं म्हणजे तुझी सुट्टी, म्हणजे तू दारात येणार. आजही आवाजाने माझी झोप मोडत नाही, आवाज बंद झाल्यावर मोडते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग त्या पाहुण्यांचा दिवस. देशाचे दरवाजे उघडले होते, बाहेरच्या कंपन्या येत होत्या, हे सगळं मी नंतर पुस्तकात वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की आपल्या कंपनीत गोरे साहेब येणार आहेत. भिंतींना पिवळा रंग लागला, नवी खेळणी आली, आणि बाईंनी आम्हाला इंग्रजी धन्यवादाचं एक बडबडगीत शिकवलं. माझे उच्चार चांगले म्हणून मला पुढे उभं केलं. मी एकदाही न अडखळता म्हटलं. साहेबांनी खाली वाकून माझ्या हातात कापसाचं अस्वल दिलं, मी न सांगता आणखी एकदा "थँक्यू" म्हटलं आणि सगळे हसले. तू हॉलच्या दारात उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू हसत नव्हतीस.

 घरी आल्यावर तू भांडुपच्या आपल्या खोलीत ओट्यापाशी उभं राहून बांगडे तळत होतीस आणि मी अस्वलाला मांडीवर घेऊन पाटावर बसले होते. तू चिडलीस की मालवणीत शिरायचीस, एरवी नाही. उलथणं हातात तसंच ठेवून तू वळलीस.

"थँक्यू कित्याक म्हटलंस गो?"

मी म्हटलं, बाईंनी शिकवलं. मग तू गॅस बारीक केलास, खाली बसलीस आणि नेहमीच्या भाषेत सांगितलंस. तुझ्याही आधीच्या बायकांची ही गोष्ट. पाळणाघराचा कायदा होता, पण खोली नव्हती. पोरं शेजारणीकडे नाहीतर थोरल्या बहिणीकडे टाकून बायका यायच्या. शेवटी एका सकाळच्या पाळीला सगळ्यांनी आपापली तान्ही पोरं आणली, गेटच्या आत ओळीने जुन्या लुगड्यांवर निजवली आणि कामाला गेल्या. मॅनेजरची गाडी आत जाईना. खोली त्याच महिन्यात मिळाली. "अस्वलाला थँक्यू म्हण हवं तर," तू म्हणालीस, "ते त्याने दिलंय. खोलीला म्हणायचं नाही. ती आपली आहे." मग तू उठून बांगडा उलटलास. एक बाजू करपली होती, ती तू घेतलीस.

मला त्यातलं तेव्हा फारसं कळलं नाही. मी अस्वलाला काही दिवस हात लावला नाही आणि मग पुन्हा लावला.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा सलग लिहायचं आहे. आधी पाळ्या वाढल्या, ओव्हरटाइम आला, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. मग डोंगराळ राज्यात कर माफ झाला आणि मशिनं ट्रकवर चढून तिकडे गेली. तुम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तू तिला चेष्टेने "इच्छा" म्हणायचीस. "माझी इच्छा झाली म्हणे," असं वाडीतल्या बायकांना सांगायचीस. त्यानंतर तू त्याच रस्त्यावरच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागलीस. ट्रायल रूमच्या तोंडाशी उभं राहून आत किती कपडे गेले आणि किती बाहेर आले ते बघायचं. तिथे स्टूल नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा नियम होता. रात्री तू मोरीत पाय सोडून बसायचीस आणि मी गरम पाणी ओतायचे. तू दोन्ही काळांत नोकरी केलीस, एका काळात बसून आणि दुसऱ्यात उभं राहून. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी उदारीकरणावर आमची मतं विचारली तेव्हा मला हेच वाक्य सुचलं होतं. मी हात वर केला नाही.

आता माझं सांगते. आमची कंपनी इमारतींसाठी सेन्सर बनवते. खोलीत किती माणसं श्वास घेताहेत त्यानुसार तिथे कमी-जास्त ताजी हवा पाठवायची, म्हणजे वीज वाचते. नवा सेन्सर बाजारात नेण्याआधी आम्ही आमच्याच इमारतीत लावून बघतो, अगदी जिन्याखालच्या खोल्यांतही. एकदा आलेख चाळताना तळघरातल्या एका स्टोअररूमची रेषा मला खटकली. फरशी पुसायची यंत्रं आणि फिनाईलचे कॅन ठेवायची ती खोली. तिथे कुणी बसत नाही. पण रोज दुपारी कार्बन डायऑक्साइडची रेषा हलकेच वर चढायची, थोडा वेळ तशीच राहायची आणि संध्याकाळकडे उतरायची. सेन्सर बिघडला की रेषा अशी चढत नाही, ती भरकटते. ही रेषा शांत होती, चादरीखाली कुणी कुशीवर निजल्यासारखी. मोठ्या माणसाच्या श्वासाने ती याहून उंच गेली असती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग पायऱ्यांनी खाली गेले.

दार लोटलेलं होतं. आत पुठ्ठे अंथरून त्यावर एक मुलगी झोपली होती, तीनेक वर्षांची. अंगावर हाउसकीपिंगच्या निळ्या गणवेशाची ओढणी. वर पाईपमधून पाण्याचा आवाज चालू होता आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. खोलीत दिवा नव्हता, दाराच्या फटीतून बाहेरच्या 'एक्झिट'च्या हिरव्या पाटीचा उजेड येत होता. त्या उजेडात मला खोलीची रुंदी कळेना. मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही, आणि मी सहसा सांगू शकते.

मागून तिची आई आली. आमच्या मजल्यावर सगळे तिला मावशी म्हणतात. ती माझ्याहून लहान आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून येते. हातातली बादली तिने खाली ठेवली नाही.

"मॅडम, वर सांगू नका. आज तिला ताप होता म्हणून आणली."

मी तिला आलेखाबद्दल काही बोलले नाही. एवढंच विचारलं, की दार पूर्ण लावून घेतेस का. ती म्हणाली, लावावंच लागतं, सुपरवायझर फेरी मारतो. वर सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. ठेकेदाराला मेल गेली असती आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावर दुसरी मावशी आली असती. न सांगावं तर ती मुलगी फिनाईलच्या कॅनांशेजारी, बंद खोलीत. मी वर आले आणि माझ्या जागेवरून त्या खोलीची हवेची झडप दुपारपुरती उघडी राहील असं करून ठेवलं. रेषेचा उंचवटा खाली बसला. काही दिवस मी एवढंच करत होते. जेवणाचा डबा उघडायचा आणि जमिनीखाली झोपलेल्या एका मुलीला हवा पाठवायची.

पण ते काही उत्तर नव्हतं. आमच्याकडे सीएसआरची समिती आहे. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करावा लागतो, तो कुठे करायचा हे ती ठरवते. तंत्रज्ञानाची बाजू बघायला मला त्यात घेतलंय. लांबच्या गावांत सौर दिवे, शाळांत संगणक, अशी आमची कामं असतात आणि ती वाईट नसतात. मी पाळणाघराचा प्रस्ताव ठेवला. इमारतीच्या मागच्या अंगाला एक रिकामी खोली आहे, तिला गल्लीकडे खिडक्या आहेत. त्या मुलीचं नाव काढलं नाही. साफसफाई करणाऱ्या बायकांची मुलं, एवढंच म्हटलं. तुमच्या वेळचा कायदा आजही आहे, उलट वाढलाय. आमच्या कर्मचाऱ्यांसाठी शेजारच्या इमारतीतल्या पाळणाघराशी करार आहे, आईला फोनवर मूल झोपलेलं दिसतं. पण या बायका ठेकेदाराच्या हजेरीवर. तो त्यांना इतक्या इमारतींत वाटतो, की पाळणाघर बंधनकारक व्हावं एवढी संख्या कुठेच भरत नाही.

समितीचे प्रमुख भले गृहस्थ आहेत, कुणाला तोडून बोलत नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समजावलं, की सीएसआरचा पैसा कंपनीला स्वतःच्याच माणसांवर खर्च करता येत नाही, ऑडिटमध्ये अडकतं. मग म्हणाले, "या बायका आपल्या आहेत का, तेवढं सांगा. आपल्या असतील तर हा प्रस्ताव इथे येत नाही. नसतील तर आजच मंजूर करू."

आपल्या असतील तर कुठे जायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते एचआरचं बजेट, आणि त्यात त्या बसत नाहीत, कारण त्या आपल्या नाहीत.  मग त्यांनी चष्मा पुन्हा घातला. तांत्रिक सदस्य म्हणून टिपण मला लिहायचं होतं, की लाभार्थी महिला परिसरातील गरजू समाजघटक असून त्यांचा कंपनीशी संबंध नाही.

त्यात खोटं काही नव्हतं, आणि हीच अडचण होती. कागदोपत्री तसंच होतं. मी ते वाक्य टाइप केलं आणि पुसलं, पुन्हा टाइप केलं. आपल्या इमारतीतला शेवटचा डाग पुसून जी घरी जाते तिचा आपल्याशी संबंध नाही. एचआरमधली माझी मैत्रीण, बोरिवलीची, कॉफी घेऊन शेजारी येऊन बसली.

"लिहून टाक ना यार. काम होतंय ना?"

"त्या बाहेरच्या नाहीत."

"मग आत आण त्यांना. जमतंय तुला? नाही ना? तू ना, बोल्टसारखी आहेस. एक आटा हुकला की तुझी वाट लागते. ती पोरगी तुझ्या तत्त्वावर झोपणारे का?"

पोरगीचं तिला मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे तळघरातलं तिलाही माहीत होतं. कदाचित अख्ख्या मजल्याला माहीत होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून जपत होता. मी वाक्य लिहिलं आणि सही केली. गेटच्या आत पोरं निजवणाऱ्या त्या बायकांचा मी विचार केला. त्या कुणाच्या आहेत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावर कंपनीच्या नावाच्या टोप्या होत्या.

मग आराखडा माझ्याकडे आला. खोलीला दोन दारं होती, एक गल्लीत आणि एक आत, सामान नेण्याच्या बोळात. ऑडिटवाल्यांनी कळवलं, आतलं दार बंद करा. प्रवेश फक्त गल्लीतून हवा, नाहीतर ते कंपनीचंच पाळणाघर दिसेल. म्हणजे मूल रडलं तर आईने लॉबीच्या मागून गेटबाहेर पडायचं, नोंद करायची, शिरीषाला वळसा घालून गल्लीत यायचं, आणि परत जाताना पुन्हा तेवढंच. मी काही वाद घातला नाही. आग लागली तर त्या बोळातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, ही जुनी त्रुटी होती आणि खरीच होती. मी आराखड्यात आतलं दार बोळासाठीही आणि खोलीसाठीही सुटकेचा मार्ग म्हणून दाखवलं. सुटकेच्या दाराला कुलूप घालता येत नाही, ते दोन्ही बाजूंनी नुसत्या ढकलण्याने उघडलं पाहिजे, तसा नियम आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आई, एवढ्या एका गोष्टीवर तू हसली असतीस असं मला वाटतं.

उद्घाटनाच्या कार्यक्रमात मुलांचं धन्यवादगीत होतं. जाहिरात विभागातल्या मुलीने चाल लावून पाठवली होती, आणि एका लहान मुलीला पुढे उभं करायचं ठरवलं होतं. कार्यक्रमाची वेळ मला कळवायची होती. मी दुपारची कळवली, जेवणानंतरची. त्यामुळे मोठे साहेब आले तेव्हा सगळी मुलं झोपलेली होती. बूट बाहेर काढून सगळे मोज्यांवर आत आले. फीत कापताना कात्रीचा आवाज होऊ नये म्हणून साहेबांनी ती अगदी हळू मिटली. टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी तसेच खाली घेतले. भाषण कुणी कुजबुजत करत नाही, म्हणून भाषण झालं नाही. मी पडदे हिरवे निवडले होते. त्या उजेडात कंपनीची सगळी मोठी माणसं मोज्यांवर उभी होती आणि चटयांवर श्वास चालले होते. माझ्यामागे भिंतीत हवेचं यंत्र एका सुरात चालू होतं, आणि मला पलीकडे स्टुलावर कुणीतरी बसलेलं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं की मी मागे वळले नाही.

सगळे गेल्यावर मावशी आतल्या दारातून आली. गल्लीकडच्या दारावर पाटी लागली होती, परिसरातील गरजू महिलांच्या मुलांसाठी. ती बाहेर जाऊन सावकाश अक्षरं लावत ती वाचून आली.

"मॅडम, गरजू म्हणजे आम्हीच ना? का अजून कोण येणारेत?"

मी म्हटलं, तुम्हीच. तिची मुलगी पहिल्या खिडकीखाली झोपली होती, या वेळी खरी चादर घेऊन. तिने वाकून तिचा पाय आत सारला. मग उभी राहिली, हात गणवेशाला पुसले आणि म्हणाली, "थँक्यू मॅडम."

तुझं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. कित्येक वर्षं तयार होतं. खोलीला म्हणायचं नाही, ती आपली आहे. पण ती तिची आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? तिचा आमच्याशी संबंध नाही असं मीच सही करून दिलं होतं, आणि तसं लिहिल्यामुळेच ती खोली होती. माणसांना वळसा घालायला न लावणारं एक दार मला आणता आलं. तुझ्या आधीच्या त्या बायकांनी आणली होती तशी खोली मला आणता आली नाही.

हे मी पाळणाघरातच बसून लिहिते आहे. आठवड्यातून एकदा सेन्सर तपासायला येते, असं सगळ्यांना माहीत आहे. सेन्सरला तपासायची गरज नसते. थोड्या वेळाने मुलं उठतील, मग हे कागद बॅगेत जातील आणि घरी अस्वलाशेजारच्या खणात राहतील. त्याआधी एवढं लिहून टाकते. ती "थँक्यू" म्हणाली तेव्हा मी "वेलकम" म्हटलं. आणि आई, मला ते आवडलं.